अटी लागू

जाहिरातीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात 'अटी लागू' असं छापलेलं असतं ना, आजचा लेख त्या मुंगीच्या अक्षरांबद्दल आहे. फक्त जाहिरात मोबाईलच्या प्लॅनची नाही. पूल, हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेजची आहे.

'पीपीपी' म्हणजे पब्लिक प्रायव्हेट पार्टनरशिप. सरकार आणि खाजगी मंडळी मिळून लोकांसाठी काहीतरी बांधणार. हे सगळं १९९१ नंतर, उदारीकरणाच्या लाटेवर बसून आपल्याकडे आलं, अशी आपल्या पिढीची साधारण समजूत असते. मुंबईत मात्र हा खेळ १८४० च्या आसपासच जोरात सुरू झाला होता. तेव्हा राज्य ईस्ट इंडिया कंपनीचं होतं आणि पैसा शेठ लोकांकडे होता. प्रीती चोप्रा यांचं 'अ जॉइंट एंटरप्राइझ' नावाचं पुस्तक २०११ साली आलं. ब्रिटिश मुंबई ही एकट्या ब्रिटिशांनी बांधलेली नाही, ती इथल्या धनिकांबरोबरची भागीदारी होती, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. ते वाचल्यापासून माझा रविवारचा नाद ठरून गेला: जुनी इमारत दिसली की तिचा करार काय होता ते शोधायचं.

करारच का? कारण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दोन वर्षांतच कळते. सिस्टिम बांधून देणं एकवेळ सोपं. ती 'लाईव्ह' झाल्यावर केक कापतात, फोटो काढतात. खरी मजा त्यानंतर. रात्री दोनला सर्व्हर बसला तर उठायचं कोणी? मेंटेनन्सचे पैसे कोण देणार? आणि हे सगळं कागदावर आहे की 'बघू नंतर' असं तोंडी आहे? पुलाचं आणि हॉस्पिटलचंही अगदी असंच असतं. जागा कोणाची, बांधायचा पैसा कोणाचा, रोज चालवायचा खर्च कोणाचा, आणि वापरणाऱ्याने काय मोजायचं, हे चार प्रश्न विचारले की कुठलाही पीपीपी उघडा पडतो.

तर सुरुवात माहीमपासून.

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी. आज गाडीतून दोन-तीन मिनिटांत (बरं, सिग्नल लागला नाही तर) पार होणारं अंतर तेव्हा होडीने कापावं लागे, आणि पावसाळ्यात ते जिवावरचं काम होतं. पूल हवा हे सगळ्यांना मान्य, पण कंपनी सरकार पैसे काढायला तयार नाही. शेवटी पुढे आल्या त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई. पूल बांधायला घेतला १८४१ च्या सुमारास आणि तो खुला झाला १८४५ मध्ये. अंदाजपत्रक वाढत गेलं (प्रोजेक्ट म्हटलं की आलंच!) आणि खर्च दीड लाखाच्या पुढे गेला. तो वाढलेला भारही बाईंनीच उचलला. शिवाजी पार्कच्या बाजूने जाणारा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड, तो याच बाईंच्या नावाचा.

पण नावापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे देणगीबरोबर घातलेली अट. या पुलावरून जाणाऱ्या माणसाकडून सरकारने पथकर घ्यायचा नाही. बस, एवढंच. एका ओळीची अट, पण नेमकी जिथे हवी तिथे. कारण पैसा शेठाणीचा आणि पूल सरकारच्या ताब्यात अशी वाटणी झाली, की सरकारला उद्या टोलनाका टाकायचा मोह होणार हे उघड होतं. ती फट बांधकामाआधीच बुजवून टाकली.

याच घराण्याचा दुसरा करार भायखळ्याचा. जमशेटजींनी हॉस्पिटलसाठी एक लाख रुपये देऊ केले, पण अट अशी की कंपनी सरकारनेही तेवढेच घालावेत. आपल्या पीएफमध्ये जसं आपण टाकतो तेवढंच कंपनीला टाकावं लागतं, तसं. त्यातून १८४५ साली जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. शेजारचं ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याच वर्षीचं. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये वारले, त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी वर्गणी काढली, आणि तिच्यात सरकारने आपली भर घालून कॉलेज झालं. १८५१ मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ दाजी लाड होते. मांद्र्याहून आलेला एक मुलगा मुंबईचा नामांकित डॉक्टर आणि संशोधक होतो, त्यामागे ही अशी वर्गणी असते.

पुणेकरांनी लगेच 'हे सगळं मुंबईचंच' म्हणून नाक मुरडू नये. बंडगार्डनला ज्यामुळे ते नाव पडलं, तो मुळा-मुठेवरचा बंधारा १८५० चा. पाण्याच्या त्या योजनेच्या खर्चातला मोठा वाटा याच जमशेटजींचा होता.

आता इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की काय ते दानशूर लोक, आणि आत्ताचे बघा! थांबा जरा. जमशेटजी १७८३ चे. लहान वयात आईवडील गेले, चीनच्या सफरी केल्या आणि अफाट पैसा मिळवला. त्या व्यापारात कापूस होता तशी अफूही होती, आणि अफू भरपूर होती. १८४२ मध्ये ते नाईट झाले (हा मान मिळालेले पहिले भारतीय) आणि १८५७ मध्ये बॅरोनेट. म्हणजे देणगीच्या बदल्यात प्रतिष्ठा, सरकारदरबारी वजन आणि दगडात कोरलेलं नाव मिळत होतं. सरकारलाही स्वस्तात हॉस्पिटल मिळत होतं. दोघांचा हिशेब जमला म्हणून भागीदारी झाली. यात मला काही वाईट दिसत नाही. फक्त निव्वळ पुण्य म्हणून त्याकडे बघू नये, एवढंच.

या व्यवस्थेची खरी मर्यादा वेगळी होती. ती म्हणजे, जे दिसतं त्यालाच देणगी मिळते. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला दोन लाख दिले आणि त्याला आईचं नाव लागलं. १८७८ मध्ये पूर्ण झालेला तो राजाबाई टॉवर आजही डौलात उभा आहे. कावसजी जहांगीर यांनी (यांचं आडनाव खरोखर 'रेडीमनी' होतं, मी कशाला थापा मारू) शहरभर पाणपोया बांधल्या आणि विद्यापीठाच्या दीक्षांत सभागृहालाही पैसे दिले. सगळं उत्तम. पण गटाराला कोणी आईचं नाव देत नाही. सांडपाण्याच्या पाइपावर कोनशिला बसवायला गव्हर्नर येत नाही. पाणपोयीला नळातून पाणी यायचं तर आधी तलाव लागतो, आणि १८६० मध्ये पूर्ण झालेलं विहार तलावाचं काम सरकारलाच हातात घ्यावं लागलं होतं.

याची किंमत १८९६ मध्ये कळली. गोदीजवळच्या मांडवीत प्लेग निघाला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, तुंबलेल्या गटारांच्या वस्त्यांमधून तो पसरला, आणि माणसं शहर सोडून पळाली. तेव्हा देणगीची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. १८९८ मध्ये कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि रस्ते रुंद करणं, नव्या वस्त्या आखणं हे काम सरकारी अधिकाराने सुरू झालं. ट्रस्टनेही गरिबांची घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुद्दा असा की भागीदारी हे कराला पर्याय नाही. कर गटारांसाठी लागतो, देणगी मनोऱ्यासाठी मिळते. शहराला दोन्ही लागतं.

पण म्हणून देणगीदाराच्या अटी म्हणजे नुसती मिरवायची हौस असंही नाही. कधीकधी त्या अटीतून सरकारच्या डोक्यातही नसलेली गोष्ट घडते. याची माझी दोन आवडती उदाहरणं आहेत.

पहिलं, कामा हॉस्पिटल. १८८० च्या दशकात मुंबईतल्या असंख्य बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नसत, म्हणजे डॉक्टरला दाखवतच नसत. जॉर्ज किट्रेज हा मुंबईतला एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मिळून फंड उभारला: परदेशातून स्त्री डॉक्टर आणायच्या आणि त्यांच्या पगाराची हमी घ्यायची. त्यात पेस्तनजी होरमसजी कामा यांनी हॉस्पिटलसाठी एक लाख रुपये दिले. करार काय होता बघा. जागा सरकारची. इमारत कामांची. बांधून झाल्यावर चालवायचा खर्च सरकारचा. आणि अट: हॉस्पिटलचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहील.

ही अट लिहिली गेली तेव्हा इंग्लंडमध्येसुद्धा स्त्री डॉक्टर बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि सरकारी वैद्यकीय खात्यात वरच्या जागा पुरुषांच्याच. त्या अटीमुळे एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईत आल्या. एडिंबरो विद्यापीठात मेडिकलला प्रवेश मिळवण्यासाठी ज्या पहिल्या सात मुली झगडल्या, त्यांतल्या या एक. हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं आणि कारभार त्यांच्या हाती आला. त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांना इथे येऊन काम करायला आयुष्याने वेळच दिला नाही. पण रखमाबाईंना दिला. 'नको असलेल्या नवऱ्याकडे जाणार नाही' म्हणून कोर्टात उभी राहिलेली ही मुलगी पीचीबाईंच्या मदतीने लंडनला शिकायला गेली, १८९४ मध्ये डॉक्टर झाली, आणि परतल्यावर काही काळ या कामा हॉस्पिटलातच कामाला होती. नंतरची त्यांची सगळी कारकीर्द सुरत आणि राजकोटची. विचार करा, पुरुषांनी भरलेल्या त्या खात्यात एका स्त्रीला हॉस्पिटलची प्रमुख करायला सरकार आपण होऊन किती वर्षांनी तयार झालं असतं? एका देणगीपत्राच्या कलमाने ते तिथल्या तिथे झालं.

दुसरं उदाहरण परळचं. मुंबईत मेडिकल कॉलेज म्हणजे ग्रँट, आणि तिथल्या प्राध्यापकांच्या महत्त्वाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे मुख्यतः गोऱ्या, अधिकाऱ्यांकडे. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी हाताखालीच. अशा वेळी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजसाठी पैसे देऊ केले, अट घालून: शिकवणारे सगळे डॉक्टर भारतीय असले पाहिजेत. सातव्या एडवर्डच्या स्मारकासाठी जमलेला निधी हॉस्पिटलसाठी होताच, आणि जबाबदारी मुंबई महापालिकेने घेतली. १९२६ मध्ये के. ई. एम. हॉस्पिटल आणि जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं. गंमत बघा, हॉस्पिटलला नाव इंग्रज राजाचं आणि कॉलेजात इंग्रज प्राध्यापकाला दार बंद! डॉ. जीवराज मेहता तिथले पहिले डीन. पुढे १९६० मध्ये हेच गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. स्वराज्य यायला अजून एकवीस वर्षं होती, पण परळमध्ये ते एका अटीपुरतं आधीच येऊन बसलं होतं.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. माहीमच्या अटीने लोकांचे पैसे वाचले. कामाच्या अटीने बायकांना दवाखान्याचं दार उघडलं. परळच्या अटीने भारतीय डॉक्टरांना खुर्ची मिळाली. तिन्ही ठिकाणी पैशाचा आकडा आज किरकोळ वाटेल, पण अट टिकली म्हणून इमारतीला अर्थ राहिला.

आणि अट ढिली पडली की काय होतं, तेही परळमध्येच दिसतं. के. ई. एम. पासून जवळच वाडिया हॉस्पिटलं आहेत: नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ चं आणि बाई जेरबाई वाडिया मुलांचं हॉस्पिटल १९२९ चं. गिरणगावातल्या बायका-मुलांचा मोठा आधार. वाडिया घराण्याचा ट्रस्ट, महापालिका आणि राज्य सरकार अशी ही तिघांची भागीदारी, आणि चालवण्याच्या खर्चात पालिकेने आणि सरकारने अनुदान द्यायचं अशी पद्धत. जानेवारी २०२० मध्ये अनुदान थकल्याच्या वादातून हॉस्पिटल बंद पडायची वेळ आली. पेशंट परत जाऊ लागले, कर्मचारी रस्त्यावर उतरले, प्रकरण हायकोर्टात गेलं. पुतळ्यांसाठी पैसे आहेत आणि हॉस्पिटलसाठी नाहीत का, अशा अर्थाचे खडे बोल कोर्टाने सुनावल्यावर पैसे हलले. नव्वद वर्षांपूर्वी बांधलेली भिंत पक्की होती. डळमळीत होतं ते कोणी, किती आणि केव्हा द्यायचं याचं गणित. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर ठणठणीत, एएमसीचं बिल थकलेलं.

आता आपल्या काळाकडे येऊ. माहीमच्या पुलावरून समुद्राकडे बघितलं की ३० जून २००९ ला खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो. तोच उपसागर, दोन पूल. एकावर पथकर घ्यायचा नाही ही अट, दुसऱ्यावर पथकर हाच खर्च वसूल करायचा मार्ग. टोल म्हणजे लूटच असं मी म्हणणार नाही. सोळाशे कोटींच्या घरातला खर्च कोणीतरी भरायचाच, आणि वापरणाऱ्याने भरावा यात तर्क आहे. पण मग किती वर्षं, किती पैसे, आणि वसूल झाल्यावर काय, हे वापरणाऱ्याला माहीत असायला नको का? मुंबईत ५५ उड्डाणपूल बांधले म्हणून २००२ पासून शहराच्या पाच वेशींवर टोल सुरू झाला. पुढे वसुलीचा हक्क खाजगी कंपनीला दिला गेला. मोटारींसारख्या हलक्या वाहनांची त्यातून सुटका झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर. या बावीस वर्षांत नाक्यावर सुटे पैसे शोधत आपण जेवढा वेळ घालवला, त्याचा शंभरावा भाग तरी तो करार वाचण्यात घालवला का?

हॉस्पिटलचंही तसंच. धर्मादाय ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना करात सवलत मिळते, काहींना सरकारी जमीनही मिळालेली असते. त्याच्या बदल्यात अट आहे. मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या, आणि त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकायचे. ही अवाबाईंच्या अटीचीच नात म्हणा. फरक एवढाच की ही अट फारच थोड्यांना माहीत असते.

आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी आणि एक मित्र त्यांच्याबरोबर अशाच एका हॉस्पिटलात गेलो होतो. योजनेबद्दल विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने आधी 'असं काही नसतं' सांगितलं. योजनेचा बोर्ड त्याच्याच मागच्या भिंतीवर होता, पुढे एक मोठी कुंडी ठेवलेली. मित्राने काही न बोलता कुंडी बाजूला सरकवली. मग सोशल वर्करचं ऑफिस सापडलं, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला मागितला गेला, चार चकरा झाल्या, पण काम झालं. मावशी एकट्या गेल्या असत्या तर पहिल्या वाक्यालाच परत फिरल्या असत्या.

म्हणून सांगतो, पीपीपी चांगलं की वाईट या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही. अवाबाईंचा पूल पीपीपीच होता आणि वेशीवरचा टोलनाकाही पीपीपीचाच भाऊबंद. फरक कागदात होता. अवाबाईंच्या काळी तो कागद ठरवणारे दोघंच, शेठ आणि साहेब. सामान्य माणसाच्या वतीने कोणीतरी अट घातली तर त्याचं नशीब. आज तसं नाही. कररूपाने पैसे आपलेच आहेत, नगरसेवक आणि आमदार आपण निवडतो, आणि २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जात करार मागता येतो. आपण ऑफिसात दुसऱ्यांच्या करारांची कलमं रात्र रात्र जागून वाचतो, एका सर्व्हिस लेव्हलच्या टक्क्यावरून क्लायंटशी भांडतो. तेच डोकं महिन्यातून एक तास आपल्या वॉर्डातल्या तरण तलावाच्या, वाहनतळाच्या किंवा हॉस्पिटलच्या करारावर खर्च करायला काय हरकत आहे?

जागा कोणाची? बांधलं कोणी? रोजचा खर्च कोण देतं? आणि मावशींना त्यातून काय मिळतं? शेवटचं उत्तर बहुतेक वेळा मुंगीच्या अक्षरात असतं. चष्मा लावून वाचायचं, आणि आड येत असेल तर कुंडी सरकवायची.